आधी विश्रांती, मग सराव : सर रॉबर्ट जोन्स

पहिले महायुद्ध सुरू होऊन वर्ष उलटले, तेव्हा ब्रिटनच्या लष्करी रुग्णालयांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. फ्रान्सच्या रणभूमीवरून जखमी सैनिक बोटींनी येत होते. शस्त्रक्रिया होई, जखम भरे, टाके निघत आणि खाट दुसऱ्या जखमीसाठी मोकळी केली जाई. कागदोपत्री तो सैनिक बरा झालेला असे. प्रत्यक्षात कुणाचा गुडघा लाकडासारखा ताठ झालेला असे, कुणाचा जिना उतरताना अचानक दगा देई, तर कुणाच्या गुडघ्यात थोडे चालले तरी पाणी भरे. पंचविशीही न ओलांडलेले हे तरुण एरवी खाणीत, गोदीत, शेतात राबणारे होते. त्यांना ना पलटणीत जागा होती, ना जुन्या कामावर. जखम बरी झाली होती, पण पाय परत मिळाला नव्हता.

या प्रश्नाला हात घालणारा माणूस लिव्हरपूलचा होता. त्याचे वय तेव्हा ५८ होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत त्याचे नाव जगभर झाले होते. तरीही सैनिकांच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी त्याने जी व्यवस्था उभी केली, तिच्यात सुरीइतकेच महत्त्व मांडीच्या स्नायूला, मालिश करणाऱ्या हातांना आणि पायाने चालवायच्या यंत्रांना होते. आज जिल्हा रुग्णालयातही फिजिओथेरपीचा विभाग असतो. ही कल्पना रुजवणाऱ्यांत सर रॉबर्ट जोन्स यांचे स्थान फार वरचे आहे.

हाडवैद्याच्या घराण्यात

रॉबर्ट जोन्स यांचा जन्म २८ जून १८५७ रोजी उत्तर वेल्समधील ऱ्हिल या गावी झाला. वडील धंदा सोडून लेखनाच्या नादी लागले आणि कुटुंब लंडनला आले. घरची स्थिती बेताची होती. सोळाव्या वर्षी, १८७३ मध्ये, मुलाला लिव्हरपूलला आत्याकडे धाडण्यात आले. तिथे राहून त्याने वैद्यकीचे शिक्षण घ्यावे, असे ठरले. आत्याचे यजमान होते डॉ. ह्यू ओवेन थॉमस.

थॉमस घराणे मूळचे अँगलसी बेटावरच्या हाडवैद्यांचे. आपल्याकडे गावोगावी हाडवैद्य असत आणि मुरगळलेला पाय किंवा निखळलेला खांदा घेऊन लोक डॉक्टरांच्या आधी त्यांच्याकडे जात, तसेच वेल्समध्येही होते. ह्यू यांचे वडील इव्हान थॉमस पदवीशिवाय लिव्हरपूलमध्ये हाडे बसवत. त्यांच्याकडे रुग्णांची रीघ लागे आणि पदवीधर डॉक्टरांचा रोषही त्यांना सोसावा लागे. मुलांवर ती पाळी येऊ नये म्हणून त्यांनी पाचही मुलांना वैद्यकीय शिक्षण दिले. ह्यू पदवी घेऊन परतले, पण वडिलांच्या हातातली विद्या त्यांनी टाकली नाही. शास्त्र आणि परंपरा अशी दुहेरी पुंजी घेऊन त्यांनी नेल्सन स्ट्रीटवर ११ क्रमांकाच्या घरात दवाखाना थाटला. घरातच लोहारकाम आणि चामड्याचे काम करणारी कार्यशाळा होती. रुग्णाचे माप घेतले की त्याच्या पायाला बसेल असा आधार तिथेच तयार होई. रविवारी गरिबांना मोफत तपासले जाई.

थॉमस यांचे सूत्र एकच होते. दुखावलेल्या किंवा जंतुसंसर्ग झालेल्या सांध्याला विश्रांती द्या, ती सक्तीची असू द्या, अखंड असू द्या आणि पुरेशी लांबवा. त्या काळी क्षयाने गुडघा सडलेल्या रुग्णाचा पाय सर्रास कापला जाई. थॉमस यांनी त्याच गुडघ्यासाठी एक साधा आधार बनवला. जांघेपाशी चामड्याने मढवलेले लोखंडी कडे, तिथून पायाच्या दोन्ही बाजूंनी खाली जाणाऱ्या दोन सळ्या आणि पावलाखाली त्यांचा जोड. गुडघा त्यात हलत नसे आणि माणसाचा पाय वाचे. १८७५ मध्ये त्यांनी नितंब, गुडघा आणि घोटा यांच्या आजारांवर पुस्तक लिहिले. पण थॉमस फटकळ आणि एककल्ली होते. कोणत्याही रुग्णालयात त्यांचे पद नव्हते. लंडनच्या नामवंतांनी त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

तरुण रॉबर्ट या घरात लहानाचा मोठा झाला. पट्ट्या बांधणे, आधाराचे माप घेणे, तुटलेले हाड हाताने चाचपून जागेवर आणणे हे सारे तो पदवी मिळण्याआधीच शिकला. १८७८ मध्ये तो डॉक्टर झाला आणि थॉमस यांच्याबरोबरच काम करू लागला. स्वभाव मात्र अगदी उलटा होता. जोन्स हसतमुख होते, माणसे जोडणारे होते आणि वाद टाळून काम पुढे नेणारे होते. गुरूची विद्या गुरूला जगापर्यंत नेता आली नाही. ते काम पुढे शिष्याने केले.

कालव्यावरची शाळा

१८८८ मध्ये मँचेस्टर शहराला समुद्राशी जोडणाऱ्या जहाज कालव्याचे खोदकाम सुरू होते. सुमारे ५८ किलोमीटर लांबीचा हा कालवा खणायला हजारो मजूर लागले होते. दरडी कोसळत, वाघिणी अंगावर येत, स्फोट होत. या कामावरच्या अपघातग्रस्तांची जबाबदारी जोन्स यांच्याकडे आली, तेव्हा ते जेमतेम ३१ वर्षांचे होते.

त्यांनी कालव्याच्या काठाने प्रथमोपचाराची ठाणी उभारली. ठरावीक अंतरावर तीन रुग्णालये बांधली. कालव्यालगत मातीची वाहतूक करणारी रेल्वे होतीच, तिच्यावरूनच जखमींना हलवण्याची सोय केली. कुठे अपघात झाला तर काय करायचे, कुणी करायचे आणि पुढे कुठे न्यायचे हे आधीच ठरलेले असे. अपघातग्रस्तांसाठी इतकी आखीव सेवा त्याआधी क्वचितच कुठे झाली असेल. हाड मोडल्यावर पहिल्या तासात योग्य आधार मिळाला तर पुढचे सारे सोपे जाते, हा धडा जोन्स यांनी इथे प्रत्यक्ष गिरवला. २५ वर्षांनी युद्धात तोच धडा कामी येणार होता.

१८९१ मध्ये थॉमस वारले आणि नेल्सन स्ट्रीटचा दवाखाना जोन्स यांच्याकडे आला. रविवारची मोफत तपासणी त्यांनी चालू ठेवली. नव्या साधनांचे त्यांना वावडे नव्हते. राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावल्याला तीन महिनेही झाले नव्हते, तोच फेब्रुवारी १८९६ मध्ये जोन्स यांनी भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांच्या मदतीने एका मुलाच्या मनगटात रुतलेला छर्रा क्ष-किरणांनी शोधला. पुढे एका समारंभात नाचताना त्यांचे स्वतःचेच पाऊल दुखावले. क्ष-किरण चित्रात करंगळीच्या रेषेतले हाड मोडलेले दिसले. १९०२ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. अस्थितज्ज्ञ आजही त्या अस्थिभंगाला जोन्स यांच्या नावाने ओळखतात.

गुडघा कुठे दगा देतो

गुडघा हा दोन लांब हाडांच्या टोकांवर तोललेला सांधा आहे. खुब्यात गोल डोके खोलगट खोबणीत बसते, तशी खोबण गुडघ्याला नाही. त्याची स्थिरता चार मुख्य अस्थिबंधांवर, दोन अर्धचंद्राकृती कूर्चांवर आणि सर्वांत जास्त मांडीच्या पुढच्या भागातल्या दणकट स्नायूवर अवलंबून असते. चार भागांच्या या स्नायूला क्वाड्रिसेप्स म्हणतात. गुडघ्याची वाटी याच स्नायूच्या दोरीत अडकवलेली असते. उतारावरून चालताना किंवा जिना उतरताना शरीराचा भार हाच स्नायू झेलतो.

जोन्स यांनी १९०९ मध्ये गुडघ्याच्या अंतर्गत बिघाडांवर लेख लिहिला, तेव्हा त्यांच्या गाठीशी अशा पाचशेहून अधिक शस्त्रक्रियांचा अनुभव होता. त्या काळी गुडघा उघडणे म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण देणे असे. त्यामुळे हा आकडा थक्क करणारा होता. पण एवढ्या शस्त्रक्रिया करणारा हा माणूस पहिल्या दुखापतीला सुरी उचलत नसे. कूर्चा फाटून गुडघा अडकला असेल तर तो हाताने मोकळा करायचा, सरळ ठेवून विश्रांती द्यायची, मग स्नायू बळकट करायचे. पुन्हा पुन्हा अडकू लागला तरच शस्त्रक्रिया, अशी त्यांची रीत होती. १९१३ मध्ये अॅल्विन स्मिथ यांच्यासोबत त्यांनी गुडघ्याच्या आतले फुलीसारखे अस्थिबंध तुटण्याबद्दल लिहिले. तिथेही त्यांचा कल तुटलेले धागे टाके घालून जोडण्यापेक्षा त्यांना विश्रांतीत भरू देण्याकडे होता.

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी सैनिकांचे गुडघे त्यांच्यासमोर आले. पाठीवर पंचवीस-तीस किलोंचे ओझे, खंदकातला चिखल, निसरड्या फळ्या, अंधारात खड्ड्यात पडणे, मैलोन्‌मैल कूच. गोळी न लागताही गुडघा निकामी व्हायला इतके पुरेसे होते. १९१६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी गुडघ्याच्या या विकलांगतेवर स्वतंत्र लेख लिहिला.

वारंवार पाणी भरणाऱ्या गुडघ्यात खरी खोट बऱ्याचदा मांडीत असते. दुखापतीनंतर गुडघ्यात थोडे जरी पाणी साचले, तरी मज्जासंस्था क्वाड्रिसेप्सला हात आखडता घ्यायला लावते. माणसाने कितीही मनावर घेतले तरी तो स्नायू पूर्ण जोराने आवळला जात नाही. वापर कमी झाला की काही आठवड्यांत तो डोळ्यांना दिसण्याइतका बारीक होतो. स्नायू बारीक झाला की सांधा डुगडुगतो, डुगडुगला की आतले अस्तर पुन्हा दुखावते आणि पुन्हा पाणी भरते. हे दुष्टचक्र तोडायला नुसती विश्रांती पुरत नाही. उलट विश्रांती लांबली तर ते अधिक घट्ट होते. विश्रांती हाच ज्यांचा मंत्र होता, त्या थॉमस यांच्या शिष्यापुढे हे उभे राहिले. जोन्स यांनी गुरूचे सूत्र मोडले नाही, त्याला मर्यादा घातली. सांधा सुजलेला, तापलेला असेपर्यंत विश्रांती द्यायची आणि ती वेळ टळताच स्नायूला कामाला लावायचे.

शेफर्ड्स बुशची कार्यशाळा

लष्कराच्या वैद्यकीय सेवेचे प्रमुख सर आल्फ्रेड कीओ यांना जोन्स यांचे म्हणणे पटले. १९१५ मध्ये लिव्हरपूलच्या अॅल्डर हे रुग्णालयात अशा सैनिकांसाठी खाटा राखून ठेवण्यात आल्या. १९१६ मध्ये जोन्स यांची लष्करी अस्थिरोग सेवेचे निरीक्षक म्हणून नेमणूक झाली आणि लंडनमध्ये शेफर्ड्स बुश इथे मोठे केंद्र सुरू झाले. युद्ध संपेपर्यंत अशी केंद्रे देशभर पसरली होती.

या केंद्रांत शस्त्रक्रियागृहाच्या जोडीला मालिशचा विभाग होता, विजेच्या उपचारांचा होता, पाण्यातल्या उपचारांचा होता, व्यायामशाळा होती आणि कार्यशाळाही होत्या. ताठ झालेल्या गुडघ्याच्या आणि घोट्याच्या सैनिकाला पायाने चालवायच्या यंत्रावर बसवले जाई. खांदा आखडलेल्याच्या हाती रंधा दिला जाई. सुतारकाम, चांभारकाम, धातूकाम चाले. नुसता पाय शंभर वेळा वाकवायला सांगितले तर माणूस दहा वेळांत कंटाळतो. हाताखाली लाकडाला आकार येत असेल, तर तोच पाय तासभर चालतो आणि लक्षातही येत नाही. महिनोन्‌महिने खाटेवर पडून खचलेल्या तरुणांच्या मनालाही या कामाने उभारी येई. या कार्यशाळांसाठी खपणाऱ्यांत पोर्तुगालचा पदच्युत राजा दुसरा मॅन्युएलही होता. १९१० मध्ये गादी जाईपर्यंत गोवाही त्याच्याच राज्यात होता.

मालिश आणि व्यायामाचे काम मुख्यतः प्रशिक्षित स्त्रिया करत. ब्रिटनमध्ये मालिश व्यवसायातील स्त्रियांची संघटना १८९४ पासून होती. युद्ध सुरू होताच अॅल्मेरिक पॅजेट यांच्या नावाने लष्करी मालिश पथक उभे राहिले होते. डॉक्टरांचे या स्त्रियांकडे पाहणे तोवर जरा वरूनच असे. या केंद्रांत त्यांचे काम उपचाराच्या साखळीत पक्के बसले. लिव्हरपूलमध्ये जोन्स यांच्या हाताखाली काम केलेल्या मेरी मॅकमिलन पुढे अमेरिकेला गेल्या, १९१८ मध्ये वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांना व्यायाम शिकवू लागल्या आणि १९२१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने तिथली फिजिओथेरपिस्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अमेरिकन शल्यविशारद जोएल गोल्डथवेट यांनी १९१७ मध्ये आपले वीस तरुण सहकारी जोन्स यांच्या केंद्रांत काम करायला आणले. ही विद्या अटलांटिक ओलांडून गेली ती अशी.

रणभूमीवर थॉमस यांचा तो जुना आधारही नव्या कामाला लागला. मांडीचे हाड गोळीने फुटले की स्नायू आकसतात, हाडाची टोके एकमेकांवर चढतात, आत रक्तस्राव होतो आणि खडबडीत वाटेने स्ट्रेचरवरून नेतानाच माणूस दगावतो. युद्धाच्या सुरुवातीच्या काळात अशा जखमींपैकी सुमारे ८० टक्के मरत, असे त्या वेळच्या लष्करी डॉक्टरांनी नोंदवले आहे. गुडघ्याच्या क्षयासाठी घडवलेला तो सांगाडा जखमीला जागेवरच लावून पाय ताणून धरायचा, असा आग्रह जोन्स यांनी धरला. स्ट्रेचरवाल्यांकडून डोळे बांधूनही तो लावण्याचा सराव करून घेतला जाऊ लागला. १९१७ च्या अरासच्या लढाईत अशा एक हजारावर जखमींत मृत्यूचे प्रमाण १५.६ टक्के नोंदवले गेले. हा सगळा फरक एकट्या आधारामुळे पडला नसेल, जखमा लवकर साफ होऊ लागल्या होत्या आणि शस्त्रक्रियाही रणभूमीच्या जवळ होऊ लागली होती. पण आयुष्यभर उपेक्षा झालेल्या थॉमस यांचे नाव त्या आधारामुळे प्रत्येक लष्करी डॉक्टरच्या तोंडी झाले.

या साऱ्या कामाला एक दुखरी बाजू होती. लष्कराने जोन्स यांना खाटा आणि पैसा दिला, त्यामागे सैनिक पुन्हा पलटणीत यावा हा हिशेब होता. मोठ्या मेहनतीने चालता केलेला तरुण पुन्हा त्याच खंदकात पाठवला जाई. अनेकजण तिथून परतले नसतील. लष्कराला तो सैनिक म्हणून हवा होता आणि डॉक्टरला तो चालता माणूस म्हणून हवा होता. दोघांची वाट काही काळ एकच होती. ज्यांना परत जाणे शक्य नव्हते त्यांनाही हीच केंद्रे नवा हुन्नर शिकवत होती, ही त्यातली समाधानाची बाजू. याच काळात, १९१७ मध्ये, मुंबईत अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज संस्था सुरू झाली. ती पुढे पुण्याजवळ खडकीला आली आणि आजही तिथे आहे. जखम भरल्यावर सैनिकाचे पुढे काय, हा प्रश्न तेव्हा हिंदुस्थानातही तितकाच खरा होता.

सैनिकांकडून मुलांकडे

जोन्स यांना १९१७ मध्ये सर ही पदवी मिळाली आणि ते मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. युद्ध संपल्यावर लष्कराची गरज संपली आणि खाटा कमी होऊ लागल्या. जोन्स यांनी ती विद्या मुलांसाठी वळवली. त्याची सुरुवात युद्धाच्या आधीच झाली होती. श्रॉपशर परगण्यातल्या बॅसचर्च गावात अॅग्नेस हंट या परिचारिकेने १९०० मध्ये हाडांच्या क्षयाने आणि पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलांसाठी घर सुरू केले होते. स्वतः अॅग्नेस यांचा खुबा लहानपणीच निकामी झाला होता. १९०३ मध्ये त्यांची जोन्स यांच्याशी गाठ पडली आणि जोन्स बॅसचर्चला येऊन मुलांवर शस्त्रक्रिया करू लागले. उघड्या हवेतल्या छपरांखाली मुले राहत, शिकत आणि खेळत. युद्धात सैनिकही तिथे राहून गेले. १९२१ मध्ये ही संस्था ऑस्वेस्ट्रीजवळ युद्धकाळातल्या लष्करी रुग्णालयाच्या जागेत गेली. आज ती दोघांच्या नावाने ओळखली जाते.

१९१९ मध्ये जोन्स आणि त्यांचे तरुण सहकारी गर्डलस्टोन यांनी देशभरातल्या अपंग मुलांसाठी एक योजना मांडली. मध्यभागी मोठे रुग्णालय आणि भोवतालच्या गावांत छोटे दवाखाने, अशी तिची रचना होती. मूल घरी गेले तरी व्यायाम चालू आहे ना, आधार घट्ट झाला नाही ना, हे पाहायला कुणीतरी जवळ असावे हा त्यामागचा विचार. कालव्याच्या काठची ठाणी आता अशा रूपात परत आली होती. लिव्हरपूल विद्यापीठात अस्थिशल्यशास्त्राची खास पदवी सुरू झाली. पुढच्या काळात अनेक भारतीय शल्यविशारदांनी ती घेतली आणि आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत हे विभाग उभे करण्यात त्यांचा वाटा राहिला.

१४ जानेवारी १९३३ रोजी वेल्समध्ये रॉबर्ट जोन्स यांचे निधन झाले. त्यांची रक्षा लिव्हरपूलच्या कॅथेड्रलमध्ये ठेवण्यात आली.

आज त्यातले काय उरले

जोन्स यांचे सगळेच टिकले असे नाही. फाटलेली कूर्चा ते काढून टाकत. पुढे कितीतरी वर्षे सारे जग तेच करत होते. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी कूर्चा काढलेल्या गुडघ्यांत क्ष-किरणांवर दिसणारे बदल नोंदवले. त्यानंतर हळूहळू कळत गेले, की ही गादी गेली की सांधा लवकर झिजतो. म्हणून आज ती शक्य तितकी वाचवली जाते. तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी नवा बसवण्याच्या शस्त्रक्रियाही आता होतात. शस्त्रक्रियेनंतर गुडघा आठवडेच्या आठवडे जखडून ठेवणेही मागे पडले.

मांडीच्या स्नायूबद्दलचा धडा मात्र पुढच्या पिढ्यांनी अधिक पक्का केला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरच्या हाती गुडघा दुखावलेले असेच सैनिक आले. हलके व्यायाम करून ते महिनोन्‌महिने तिथेच पडून होते. डीलॉर्म यांनी त्यांच्या पायाला लोखंडी बूट बांधून वजने उचलायला लावली. दहा वेळा उचलता येईल इतके वजन ठरवायचे आणि ताकद वाढेल तसे ते वाढवत न्यायचे, ही त्यांची पद्धत १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. आजच्या प्रत्येक व्यायामशाळेत आणि फिजिओथेरपी विभागात तिचा अंश आहे. भारतात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय सुरू झाले आणि ही विद्या आपल्या घरात आली.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या दोन लष्करी रुग्णालयांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झिजलेल्या, दुखऱ्या गुडघ्याच्या १५६ रुग्णांपैकी निम्म्यांना सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेले आणि निम्म्यांना फिजिओथेरपी. वर्षाअखेरीस फिजिओथेरपी घेतलेल्यांचे दुखणे आणि अडचणी कमी होत्या.

हा अनुभव सैनिकांपुरता नाही. सैन्य किंवा पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर अचानक दहा-दहा किलोमीटर धावू लागणारे तरुण, वाटीमागचे दुखणे घेऊन दवाखान्यात येतात. साठीतल्या आजी नी-कॅप चढवून, गोळ्या घेऊन आणि चालणे बंद करून येतात. दोघांच्याही मांडीला टेप लावून मोजले तर दुखऱ्या बाजूची मांडी बऱ्याचदा बारीक भरते. नी-कॅप आधार देते, पण स्नायू वाढवत नाही. गोळीने दुखणे दबते आणि व्यायाम सुरू करायला मदत होते, तिचा उपयोग तेवढ्यासाठी करावा.

सुरुवात साधी असते. पाय सरळ ठेवून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यावी, मांडी आवळून गुंडाळी खाली दाबावी, पाच ते दहा सेकंद धरून सोडावे. श्वास रोखू नये. हे जमले की उताणे झोपून गुडघा न वाकवता पाय वीतभर उचलावा. पुढे हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे आणि बसणे. धावणाऱ्यांनी अंतर एकदम न वाढवता आठवड्या-आठवड्याने वाढवावे. व्यायामानंतर थोडे अवघडले तर चालते. पण दुसऱ्या दिवशी दुखणे किंवा सूज वाढलेली राहिली, तर मात्रा जास्त झाली असे समजून ती कमी करावी. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि बरेच रुग्ण नेमके तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. गुडघा लाल, गरम आणि तापासह सुजला असेल, पडल्यावर पाय टेकवत नसेल किंवा वाकलेल्या अवस्थेत अडकला असेल, तर व्यायाम न करता लगेच डॉक्टर गाठावा. तिथे आधी विश्रांती आणि तपासणी हवी.

नेल्सन स्ट्रीटच्या घरात शिकलेला विश्रांतीचा धडा आणि शेफर्ड्स बुशच्या कार्यशाळेतला सरावाचा धडा रॉबर्ट जोन्स यांनी एकाच गुडघ्यावर वापरून दाखवले. टाके निघाल्यावर, प्लास्टर उतरल्यावर किंवा गोळ्यांचा कोर्स संपल्यावर फिजिओथेरपी विभागाची चिठ्ठी हाती येते, तेव्हा ती खिशात ठेवून घरी जाऊ नये. त्या गुडघ्याचे अर्धे उपचार अजून बाकी असतात.